कोरोनात एवढे परदेशी नोकरीचे करार झाले, आपल्या सोलापूरच्या पोरापोरींच्या हाती काय लागलं?

सातरस्ता
नमस्कार मंडळी. घरात सध्या जेवायला बसलं की एकच विषय. भाचीचा जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, इथंच एका खाजगी दवाखान्यात आहे, पगार सांगण्यासारखा नाही म्हणून सांगत नाही. तिनं बाहेर जायचं मनावर घेतलंय, एक दिवस जर्मनी म्हणते, दुसऱ्या दिवशी जपान. आणि आमचे दाजी म्हणजे तिचे वडील एकाच गोष्टीवर अडून बसलेत की कोरोनात बाहेर गेलेल्यांचे हाल मी बघितलेत, परत तसं काही आलं तर पोरगी तिकडं, आपण इकडं, विचारणार कोण.

अगदीच चूक म्हणता येत नाही त्यांना. पण मी जरा शोधाशोध केली तर गंमत दिसली. जगभर विमानं बंद होती तेव्हाच आपल्या सरकारनं कायदेशीर मार्गानं माणसं पाठवायचे करार धडाधड केलेत. जपानशी १८ जानेवारी २०२१ ला, स्पेसिफाईड स्किल्ड वर्करचा म्हणजे ठरावीक क्षेत्रातल्या कुशल कामगारांचा, नर्सिंग केअर धरून १४ क्षेत्रं. ब्रिटनशी ४ मे २०२१ ला, म्हणजे आपण इथं ऑक्सिजनचा बेड मिळतो का म्हणून फोन फिरवत होतो त्याच आठवड्यात. पोर्तुगालशी सप्टेंबर २०२१. फ्रान्सचा करार २०१८ चा, पण लागू झाला १ ऑक्टोबर २०२१ पासून. डिसेंबर २०२१ ला केरळच्या नोर्का या सरकारी संस्थेनं जर्मनीच्या सरकारी रोजगार संस्थेशी नर्स पाठवायचं ठरवलं, ट्रिपल विन म्हणतात त्याला.

माझा प्रश्न साधा आहे. हे सगळं कागदावरच राहिलं की त्या काळात कुणाच्या उपयोगी पडलं? ज्यांनी स्वतः अनुभवलंय त्यांनी लिहा. फॉरवर्ड नकोत.

टेरीटॉवेल
सही करायला पेन लागतं, जायला विमान लागतं. आपल्याकडं तर विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पडायला २०२३ उजाडलं. तुमच्या भाचीला म्हणावं मुंबईच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसचं वेटिंग क्लिअर झालं तरी लई झालं 😄

सातरस्ता
आला का बे तू. थांब जरा, काका लोकांना बोलू दे.

मस्कतवाले काका
मी लिहितो. ओमानमध्ये बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांच्याकडं आपली पोरं अजून आहेत.

मार्च २०२० ला काम थांबलं, एप्रिलपासून अर्धा पगार, मग नुसतं जेवण. खोलीत आम्ही सहाजण, एक पंढरपूरचा, एक विजापूरचा, बाकी बिहारचे. २३ मार्चला भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली त्यामुळं परतायचं म्हटलं तरी वाट नाही. ७ मे पासून बाहेर अडकलेल्यांना आणायची वंदे भारतची विमानं सुरू झाली. त्याचं असं होतं की दूतावासाच्या साईटवर फॉर्म भरायचा, मग त्यांची यादी. आधी गरोदर बायका, आजारी माणसं, नोकरी गेलेले कामगार, घरात कुणी गेलंय असे. तिकीट स्वतःचं. ज्याच्याकडं तिकिटाला खरंच काही नाही त्याच्यासाठी दूतावासाकडं इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो, २००९ पासूनचा आहे तो, पण तो मागावा लागतो आणि मागायला आपण कोण, कुठं कामाला होतो हे दाखवावं लागतं. आणि इथंच सगळा फरक पडला.

माझं काम परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट साईटवरनं झालेलं. म्हणजे पासपोर्ट ईसीआर, त्याला कामासाठी जायला सरकारी परवानगी लागते, ती क्लिअरन्स मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याकडनं, कराराची प्रत सिस्टीममध्ये, पगार किती, ओव्हरटाईम किती सगळं लिहिलेलं. परत आल्यावर एजंटच्या ऑफिसात तोच कागद पुढं ठेवला. पूर्ण पैसे नाही आले, खोटं कशाला सांगू, पण बऱ्यापैकी वसूल झाले. विजापूरचा गडी मात्र व्हिजिट व्हिसावर आलेला, तिथं गेल्यावर वर्क व्हिसा करून देतो म्हणून एजंटनं पाठवलेला, ते काही झालंच नाही. त्याचं नाव ना कंपनीच्या रजिस्टरला ना आपल्या सरकारच्या. दिवसाला दंड वाढायला लागला म्हणून तो बाहेर पडायलाच घाबरायचा. शेवटी ओमान सरकारनं १५ नोव्हेंबर २०२० पासून दंड माफ करून देश सोडायची सवलत दिली त्यात तो सुटला. पगाराचा एक रियाल नाही मिळाला. कुणाकडं मागणार, तो तिथं होता हेच कुठं लिहिलेलं नव्हतं.

मुंबईला उतरल्यावर आधी हॉटेलात क्वारंटाईन स्वतःच्या पैशानं, मग सोलापूरला यायला ई-पास. घरी पोचलो तर गल्लीत लोक माझ्याकडं असं बघत होते की मीच चीनमधनं घेऊन आलोय.

जुळे_सोलापूर_फोर
काका बापरे. एक विचारायचं होतं, परत आलेल्यांना काम देण्यासाठी पण काहीतरी काढलं होतं ना?

मस्कतवाले काका
हो, स्वदेस म्हणून, जून २०२० ला. परतलेल्यांनी कौशल्य, अनुभव ऑनलाईन नोंदवायचा आणि ती माहिती कंपन्यांना दिली जायची. भरला होता मी पण. मला काम लागलं ते चिंचोली एमआयडीसीत मेव्हण्याच्या ओळखीनं.

भवानीपेठेतला
काका ईसीआर म्हणाले ते बरोबर पण त्यात एक मेख आहे ती कुणी सांगत नाही. दहावी पास झाला की पासपोर्ट ईसीएनआर निघतो, म्हणजे क्लिअरन्सची गरज नाही. आमच्या पूर्व भागात सगळ्यांना वाटतं ईसीएनआर म्हणजे भारी, सुटलो कटकटीतनं. पण कटकट गेली की नोंद पण गेली की ओ. ईसीआरवाल्या १८ देशांत जायचं असलं तर कमी शिकलेल्या माणसाचा करार सरकार बघतं, विमा काढायला लावतं, आणि आयटीआय झालेला फिटर सौदीला जातो त्याचं कुणाला काही माहीतच नसतं. २०१९ च्या जानेवारीपासून ईसीएनआरवाल्यांनापण नोंदणी सक्तीची करणार होते, मग ते पुढं ढकललं. नंतर वर्षभरात कोरोना आला. त्या वेळी कुठल्या देशात आपली किती पोरं, कुठल्या कंपनीत, हे हाताशी असतं तर याद्या करायला एवढी धावपळ झाली नसती असं मला वाटतं.

आमचे अर्धे पाहुणे सिरसिल्ला, करीमनगरकडं. तिकडं घरटी एक माणूस गल्फला. त्यांच्याकडं परदेशी नोकरीला पाठवणारी तेलंगणा सरकारची टॉमकॉम आहे, केरळकडं नोर्का आणि ओडेपेक, तमिळनाडूची पण सरकारी कंपनी आहे. आमच्या आत्याचा पोरगा तिथनं चौकशी करतो, आणि मी इथनं अशोक चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं. त्याचा मेव्हणा एजंट आहे म्हणून.

टेरीटॉवेल
झेरॉक्सवाल्याचा मेव्हणा सगळ्याच चौकात असतो. आमच्या इथला कॅनडाचा पण करतो आणि लायसन्सचा पण.

निवृत्त_मास्तर_होटगी रोड
चर्चा चांगली चालली आहे. मी थोडी युरोपची बाजू मांडतो, कारण श्रीमंत देशांनी त्या काळात काय केलं हे बघितलं की करारांकडं बघायची नजर बदलते.

मार्च २०२० मध्ये युरोपनं दारं लावली. पण एप्रिलमध्ये जर्मनीत शतावरीची काढणी आली, तेव्हा मजूर मिळेनात. मग जर्मनीनं एप्रिल आणि मे मध्ये महिन्याला ४०,००० असे बाहेरचे शेतमजूर यायला परवानगी दिली, मुख्यतः रोमानियातले, खास विमानांनी. म्हणजे महामारीतसुद्धा माणसं हलवता येत होती. गरज कुणाची आहे, एवढाच प्रश्न होता. ब्रिटननं ३१ मार्चला जाहीर केलं की सरकारी आरोग्यसेवेतले परदेशी डॉक्टर, नर्स यांचा व्हिसा संपत असेल तर वर्षभर फुकट वाढवून देतो. पोर्तुगालनं त्याहून पुढं जाऊन २८ मार्चला ठरवलं की ज्या परदेशी लोकांचे अर्ज प्रलंबित आहेत त्या सगळ्यांना तात्पुरते कायदेशीर रहिवासी समजायचं, म्हणजे दवाखाना आणि मदत दोन्ही मिळेल. मला ते सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. आजार काही कागद बघून होत नाही.

दुसरं, युरोपियन युनियनच्या पैशातून काही छोटे प्रयोग चालू होते. बेल्जियम आणि मोरोक्कोचा एक होता, आयटीतल्या पोरांना मोरोक्कोतच शिकवायचं, काही बेल्जियममधल्या फ्लँडर्सला जातील, बाकीच्यांना तिथंच मोरोक्कोत काम मिळेल. लिथुआनिया आणि नायजेरियाचा तसाच. स्पेनचा मोरोक्को आणि इजिप्तशी. मधेच कोरोना आला, प्रवास बंद, शिकवणं आणि मुलाखती ऑनलाईन गेल्या. प्रत्यक्ष गेलेली माणसं मोजकीच. त्यावरून टीका झाली, आणि ती रास्तच आहे, की एवढा खर्च करून एवढीशीच माणसं. पण ज्यांना जाता आलं नाही त्यांच्या हातात निदान प्रशिक्षण राहिलं, ते मायदेशी वापरता आलं. आपल्याकडं पोरगा एजंटला पैसे देतो, जाणं रद्द होतं, आणि हातात काय राहतं? पावतीसुद्धा नाही.

सातरस्ता
सर हे भारी सांगितलंत. भाचीला नेमकं हेच विचारायचंय, की समजा उद्या परत सगळं बंद झालं तर तोवर केलेलं वाया जाणार का.

कडक_भाकरी
मी जर्मनीतनं लिहितेय, एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात नर्स आहे, मूळची पूर्व भागातली. नाईट शिफ्टनंतर लिहितेय तेव्हा शुद्धलेखन माफ.

दादा, वाया जात नाही. पण काय करताय त्यावर आहे.

मी २०२० च्या सुरुवातीला जर्मन सुरू केलं पुण्यात जाऊनयेऊन आणि लॉकडाऊन लागला, क्लास ऑनलाईन झाला. आमच्या घरात खाली पॉवरलूम वर आम्ही, लूम बंद होते म्हणून त्या काळात घरात जी शांतता होती तशी मी जन्मात ऐकली नव्हती, त्या दोन महिन्यांत ए१, म्हणजे भाषेची पहिली पायरी, भराभर झालं. मग लूम चालू झाले, घरात पैसे यायला लागले म्हणून सगळे खूश आणि मी रडकुंडीला. ऐकण्याची परीक्षा असते ना, ह्योरेन म्हणतात, त्याचा सराव करताना हेडफोन लावला तरी खट्खट् खट्खट्, जर्मन बाई काय म्हणाली ते कळायचं नाही. शेवटी मावशीकडं जुळे सोलापूरला दुपारी जाऊन बसायचे. परीक्षा पण सारख्या पुढं जायच्या. त्या काळात बऱ्याच जणींनी सोडलं.

आता मुद्द्याचं. १ मार्च २०२० ला जर्मनीचा नवा कुशल कामगार कायदा लागू झाला आणि दोन आठवड्यात सगळं बंद, नशीब बघा. पण कायदा राहिला. त्यात फास्ट ट्रॅक आहे, तिकडचा मालक तुमच्यासाठी अर्ज करतो आणि डिग्री मान्यता, व्हिसा यांच्या मुदती ठरलेल्या असतात. माझी सगळी कागदपत्रं, मुलाखत ऑनलाईन झाली. आधी मान्यतेच्या ऑफिसचं पत्र येतं, तुमच्या शिक्षणात काय कमी आहे त्याची यादी. ते पत्र बघून घाबरायचं नाही, जवळजवळ सगळ्यांना येतं. इकडं आल्यावर कमी भरून काढायचा कोर्स किंवा परीक्षा, तोवर मदतनीस म्हणून काम आणि पगार कमी. भाषेची बी२ ही वरची पायरी आणि ते झालं की पूर्ण नर्स. मी ते सगळं पार केलंय आणि सांगते, तो मधला काळ कठीण असतो, रोज आंघोळ घालणं बेड बदलणं, आपण इथं वॉर्ड सांभाळलेला असतो आणि तिकडं इंजेक्शनला हात लावायचा नाही.

ट्रिपल विनमध्ये केरळच्या मुलींना भाषा फुकट शिकवतात, निवड झाल्यावर मुलीनं एक रुपया द्यायचा नसतो. मला ते नव्हतं, मी खाजगी मार्गानं आले पण मालकानं पैसे भरले. भाचीला एवढंच सांगा की जर्मनीसाठी जो एजंट नर्सकडनं लाखात पैसे मागतो तो सोडून द्यायचा. जर्मन सरकारनं २०२२ पासून योग्य भरतीचा एक शिक्का काढलाय, फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइशलांड असं नाव आहे, तो असलेली संस्था किंवा हॉस्पिटल बघायचं. त्यात मुलीकडनं पैसे घ्यायला बंदी आहे. भारत जर्मनीचा मोठा करार ५ डिसेंबर २०२२ ला झाला, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन व्युर्टेमबेर्ग राज्याशी पण केलाय, त्याची चौकशी करा.

ओसाकातनं_पांडू
ताईंनी जर्मनीचं सांगितलं, मी जपानचं सांगतो. मी केअरमध्येच आहे, कायगो म्हणतात, वृद्धाश्रमात.

जानेवारी २०२१ ला करार झाला म्हणून आम्ही नाचलो. पण परीक्षा? जुलै २०२० ची जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची परीक्षा रद्दच झाली होती. नंतर कसंतरी तिची एन४ ही पातळी झाली, केअरसाठी वेगळी भाषेची परीक्षा आणि कामाची परीक्षा, तेही झालं, मग व्हिसासाठी लागणारं जपान सरकारचं सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी. ते हातात आलं आणि नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी ओमिक्रॉनमुळं जपाननं नवीन लोकांना परत बंदी घातली. त्या सर्टिफिकेटची मुदत एरवी तीन महिने, ती त्यांनी वाढवत नेली हे त्यांचं मानलं पाहिजे, नाहीतर सगळं पहिल्यापासून. १ मार्च २०२२ पासून हळूहळू सोडायला लागले. मधल्या काळात मी बाळीवेशीतल्या मेडिकलच्या दुकानात काउंटरला उभा होतो आणि गिऱ्हाईक नसलं की कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, गिरवायचो. मालक म्हणायचा काय बे, मोडी लिहितोस का.

पण सातरस्ता दादा, खरं सांगू का, तुमची भाची जीएनएम आहे ना, तर जपानला या व्हिसावर ती नर्स नसणार. केअरगिव्हर असणार. सुई टोचायचं काम नाही, जेवू घालणं, अंघोळ, उठवणं बसवणं. व्हिसा एरवी पाच वर्षं आणि घरच्यांना नेता येत नाही. पगार जपानी माणसाइतका द्यावा लागतो हा नियम आहे, तो चांगला. पुढं जपानची केअर वर्करची राष्ट्रीय परीक्षा पास केली तर वेगळा व्हिसा मिळतो, तो रिन्यू होत राहतो आणि घरचे पण येऊ शकतात. माझं तेच चाललंय. पण नर्सिंग शिकून ते विसरायचं असेल तर विचार करून या. आणि टीआयटीपी नावाची शिकाऊ कामगारांची जुनी योजना कुणी सांगितली तर ती जपाननं २०२४ ला कायदा करून बंद करायची ठरवलीय, २०२७ पर्यंत दुसरी येणारे.

जुळे_सोलापूर_फोर
जपानमध्ये वडापाव मिळतो का?

ओसाकातनं_पांडू
मिळतो, पण किंमत ऐकून भूक जाते. आईनं दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुरवून खातो.

सिव्हिलची_सिस्टर
सगळं वाचलं. मला एकाचंही नाव घ्यायचं नाही पण राग आलाय. २०२० च्या एप्रिलपासून आम्ही पीपीई किटमध्ये घामानं भिजून ड्युट्या केल्या, सोलापूरच्या उन्हाळ्यात, ४२-४३ डिग्रीला, पाणी प्यायचं नाही कारण किट काढता येत नाही. एकेका नर्सकडं किती पेशंट हे सांगितलं तर जर्मनीवाली ताई विश्वास ठेवणार नाही. आणि त्याच वेळी सरकार नर्सा बाहेर पाठवायचे करार करतंय. इथल्या माणसांनी काय करायचं? कंत्राटी मुलींना लाट ओसरल्यावर घरी बसवलं ते कुठल्या करारात बसतं?

निवृत्त_मास्तर_होटगी रोड
ताई, तुमचा राग पटतो. यावर जगात नियम नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० ला परदेशी आरोग्य कर्मचारी भरतीची आचारसंहिता केली, ज्या देशांत डॉक्टर-नर्स फारच कमी आहेत तिथनं उचलून नेऊ नका म्हणून. त्याची यादीही आहे, २०२० ला ४७ देश होते, २०२३ ला ५५ झाले. भारत त्या यादीत नाही. देशाची सरासरी काढली की सोलापूरचा वॉर्ड दिसत नाही, हा त्यातला दोष.

बाकी या गावाला बाहेर जाऊन सेवा करणारा माणूस नवा नाही. भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ ला पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते, १९४२ ला तिथंच गेले.

सिव्हिलची_सिस्टर
सर, कोटणीस पगारासाठी गेले नव्हते. आणि आमच्या पोरी पगारासाठी जातात यात मला चूक वाटत नाही, चूक इथल्या पगारात आहे. माझी मुलगी पण बीएस्सी नर्सिंगला आहे, ती म्हणाली जाते तर मीच तिची बॅग भरीन. फक्त मग इथं कोण राहणार हे कुणीतरी विचारावं एवढंच म्हणणं.

कडक_भाकरी
ताई मी दोन्हीकडचं बघितलंय. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. मी आधी सोलापुरातच होते.

भवानीपेठेतला
लसीचं कुणी लिहिलं नाही अजून. १ जुलै २०२१ ला युरोपचं कोविड सर्टिफिकेट सुरू झालं त्यात आपली कोविशिल्ड नव्हती, युरोपातच बनलेली तीच लस चालते आणि पुण्याची चालत नाही. मग एकेका देशानं वेगळी मान्यता दिली. कोव्हॅक्सिनवाल्यांना तर डब्ल्यूएचओची मंजुरी यायला ३ नोव्हेंबर उजाडला. आणि आपल्याकडं दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे करून ठेवलेलं, नोकरीसाठी किंवा शिकायला बाहेर जाणाऱ्यांना २८ दिवसांनी घेता येईल असा नियम ७ जूनला निघाला पण तो इथल्या एका केंद्रावर कुणाला माहीतच नव्हता, माझा मावसभाऊ मोबाईलवर पीडीएफ दाखवत हिंडत होता. वर सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर टाकून घ्यायचा. सौदीला थेट विमान नाही म्हणून तिसऱ्या देशात १४ दिवस काढायचे, पोरं नेपाळला गेली, २०२१ च्या एप्रिलच्या शेवटी नेपाळनंपण बंद केलं. त्यात सौदीनं एक बरं केलं, बाहेर अडकलेल्यांचे इकामा म्हणजे राहण्याचे परवाने आणि री-एन्ट्री व्हिसा फुकटात वाढवून दिले, अनेकदा. नाहीतर भावाची नोकरी गेलीच होती.

मस्कतवाले काका
आणि चांगलं झालेलं पण लिहा रे कुणीतरी. गल्फमध्ये आधी मालकाच्या एनओसीशिवाय कंपनी सोडता यायची नाही. कतारनं सप्टेंबर २०२० ला कायदा बदलून ते काढलं, आणि मार्च २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल, तिथं आयएलओचं म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं ऑफिस २०१८ पासून बसलेलं होतं त्यांच्या सरकारबरोबर काम करायला. ओमाननं जानेवारी २०२१ पासून करार संपल्यावर एनओसीची अट काढली. सौदीनं मार्च २०२१ ला थोडी ढील दिली. हे सगळं ऐन कोरोनात झालं. मला विचाराल तर सहीसमारंभाच्या करारांपेक्षा याचा आमच्यासारख्याला जास्त उपयोग. माझा पंढरपूरचा दोस्त २०२१ मध्ये त्याच मस्कतमध्ये दुसऱ्या कंपनीत गेला, आधी हे शक्य नव्हतं, दोन वर्षं देशाबाहेर बसावं लागायचं.

एक इशारा. प्रवासी भारतीय बीमा योजना म्हणून विमा असतो, २७५ रुपयांत दोन वर्षं, ३७५ मध्ये तीन, १० लाखाचा. घ्या, स्वस्त आहे. पण ते १० लाख अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाचे आहेत. कोरोनानं गेलेला माणूस त्यात बसत नाही. लोकांना वाटतं विमा काढला म्हणजे सगळं आलं.

टेरीटॉवेल
बरं आता मस्करी बाजूला. माझा धाकटा भाऊ दुबईला जायचं म्हणतोय, एजंट म्हणतो सव्वा लाख दे, व्हिजिटवर जा, तिथं करून देतो. काका?

मस्कतवाले काका
नाही म्हणून सांग. व्हिजिटवर काम करणं तिथं गुन्हा आहे. एजंटला रजिस्ट्रेशन नंबर विचार, तो परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट साईटवर टाकून बघ, लायसन्सची मुदत संपलीय का तेही तिथंच दिसतं. दुसऱ्याचा नंबर आपल्या बोर्डावर लिहिणारे असतात, म्हणून नाव आणि पत्ता जुळतो का बघ. फी जास्तीत जास्त ३०,००० आणि वर जीएसटी, पावतीसकट. सव्वा लाख कशाचे? पावती देतो का विचार, तोंड बघण्यासारखं होतं.

टेरीटॉवेल
विचारलं. म्हणाला पावती तिकडं गेल्यावर.

मस्कतवाले काका
झालं मग.

सातरस्ता
सगळ्यांचे आभार, खूप मोठी माहिती मिळाली. दाजींना काल सगळा धागा वाचून दाखवला. सिव्हिलच्या ताईंचं वाचताना ते गप्प बसले, काकांचं विजापूरच्या गड्याचं दोनदा वाचायला लावलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की जर्मनीत तिचं नाव कुठल्या सरकारच्या रजिस्टरला लागणार. म्हटलं तिकडच्या कामगाराला आजारपणाचा विमा, पेन्शन सगळं पहिल्या पगारापासून कापतात, नोंद होणारच. मग म्हणाले बघू.

जपान पांडूच्या पोस्टनंतर मागं पडलं, तिला नर्सच राहायचंय. ए१ चा क्लास लावतेय. नोकरी सोडायची नाही, बी१ होईपर्यंत इथंच, म्हणजे मधे काही झालंच तरी घरी बसायची वेळ येणार नाही.

कडक भाकरी ताई, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे तिचं, आणखी काय आत्ताच करून ठेवावं?

कडक_भाकरी
दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, ट्रान्सस्क्रिप्ट म्हणजे कुठल्या विषयाचे किती तास थिअरी किती तास प्रॅक्टिकल याचा कॉलेजचा सही-शिक्क्याचा कागद, तो सगळ्यात जास्त रखडतो, कॉलेजात आत्ताच अर्ज टाकायला सांगा. अनुभवाचं पत्र वॉर्डच्या नावानिशी, नुसतं स्टाफ नर्स नको. भाषांतर जर्मनीला मान्य असलेल्या भाषांतरकाराकडनंच करायचं, घाईत इथं कुणाकडनं तरी करून घेऊ नका, परत करावं लागतं. आणि पासपोर्टवरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव एकच आहे ना बघा, वडिलांचं नाव मधे आहे नाही यावर माझे दोन महिने गेले.

सातरस्ता
पासपोर्टच काढायचाय अजून 🙏 पोस्टातल्या केंद्राची अपॉइंटमेंट बघतो आज.

भवानीपेठेतला
सकाळी लवकर बघा, स्लॉट पटकन जातात. आणि दहावीचं सर्टिफिकेट जोडा, ईसीएनआरसाठी.